जाळीला कुलूप होतं

सिस्टर,

माणूस गेलं की त्याच्याविषयी चांगलंच बोलावं, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्याकडेही तसंच असावं. परवा तुमच्या दफनाच्या उपासनेत सगळे चांगलंच बोलत होते. मार्थाबाई किती शांत होत्या, किती सोशिक, उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि अंगाचा तिळपापड होत होता. तुम्ही शांत नव्हता. सोशिक तर नव्हताच. तुम्ही लोकांना इतकं दुखावलं होतं की त्या देवळातले निम्मे जण तुम्हाला पाहून रस्ता बदलायचे. मीही बदलायचो. लिंबायतच्या बाजारात तुमची पांढरी साडी लांबून दिसली की भाजी न घेता गल्लीत शिरायचो. चार वर्षं मी हे केलं.

आणि तरी माझा तुमच्यावर राग आहे. तो कमी झालेला नाही. तुम्ही गेलात म्हणून तर वाढलाय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा पहिल्यापासून लिहायचंय, कारण मी हे कधी कुणापुढे नीट सांगितलंच नाही. सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीच्या आदल्या वर्षी, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, माझा धाकटा भाऊ सुकलाल ज्या कारखान्यात कापड रंगवायला जायचा तिथे आग लागली. कापड वाळवायचं मशीन वरच्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी. माल बाहेर जाऊ नये म्हणून पाळी चालू असताना त्या जाळीला बाहेरून कुलूप लावायचा शेटचा हुकूम. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन गेटवर ट्रक मोजत उभा. जाळी उघडेपर्यंत तिघं जागीच गेले. सुकलालला जिवंत बाहेर काढलं आणि तुमच्या दवाखान्यात आणलं.

मी शाळेतून तसाच धावत आलो. वॉर्डात शिरताना तुम्ही मला अडवलंत आणि हात धुऊन यायला सांगितलंत. माझ्या बोटांना खडू होता. मला तेव्हाही तुमचा राग आला होता. भाऊ मरतोय आणि ही बाई हात धुवायला सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्याच्या पट्ट्या बदलत होता. मी उशाशी होतो. त्याने डोळे उघडले आणि आमच्या घरच्या अहिराणीत बोलला. "दादा, जाळीले कुलूप व्हतं. आम्हीन लई हाका मार्‍यात. कोनी उनं नही." तुम्ही जालन्याकडच्या. तुम्हाला सगळं उमगलं नाही. तुम्ही कात्री खाली ठेवलीत आणि मला विचारलंत, काय म्हणाले ते? मी सांगितलं. जाळीला कुलूप होतं, आम्ही खूप हाका मारल्या, कुणी आलं नाही. तुम्ही ते केसपेपरवर लिहिलंत, वेळ टाकलीत, खाली सही केलीत. मला वाचून दाखवलंत आणि बरोबर आहे ना, असं विचारलंत. मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्या खोलीत हे ऐकणारी माणसं दोनच होती, तुम्ही आणि मी. आणि त्याची भाषा पुरती कळणारा फक्त मी होतो.

पंधरा दिवसांनी तुम्ही आमच्या खोलीवर आलात. आई दारात बसली होती. तुम्ही तिच्याजवळ खालीच बसलात आणि सांगितलंत की फाइलमधलं ते पान बदललंय. त्या जागी दुसऱ्या हस्ताक्षरातलं पान आहे, आणि त्यावर लिहिलंय की पेशंट शेवटपर्यंत बेशुद्ध होता. मी विचारलं, आता काय करायचं? तुम्ही म्हणालात, मी पोलिसांकडे जाऊन आले. जबाब दिला. आता तुम्ही या.

तुम्ही कुणाला विचारायला थांबला नव्हता. ना मला, ना तुमच्या डॉक्टरांना, ना तुमच्या देवळातल्या पाळकांना. आठवड्यात तुमची नोकरी गेली. डिंडोलीतल्या एका लहानशा दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम मिळालं, तिथे तुम्ही चालत जायचात.

गल्लीत लोक म्हणायला लागले की ख्रिस्ती बाई घरात यायला लागली, आता या गुरुजीला बाटवणार. खरं सांगतो, मलाही शंका होती. एकदा मी तुम्हाला तोंडावर विचारलं की यात तुमचा काय फायदा. तुम्ही रागावला नाहीत, पण चहाचा कप खाली ठेवलात.

"त्या दिवशी ड्यूटी माझी होती, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "दर उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आम्ही देवळात रडतो, की निरपराध माणूस मारला आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. आता माझ्या ड्यूटीवर तेच झालं. मी गप्प बसले तर पुढच्या शुक्रवारी कुठल्या तोंडाने रडू?"

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना जबाब दिला आणि तुमच्याकडे आलो. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर आहे. हे वाक्य मी बोललो होतो. तुम्हाला ते आठवत असणार, म्हणूनच तुम्ही ते पुढे कधी काढलं नाहीत.

मग ते रविवार. उपासना संपली की तुम्ही थेट लिंबायतला यायचात. चारही मेलेल्यांच्या घरची माणसं आमच्या खोलीत जमायची. तुम्ही अर्ज लिहून आणायचात आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवायचात. एका बाईला ओळ कळली नाही तर सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. मला कंटाळा यायचा. मी शिकवणारा माणूस, पण एवढा धीर मला वर्गातही नव्हता. प्लेगच्या वेळी आम्ही सगळे मिळेल त्या गाडीने खानदेशात पळालो. परत आलो तेव्हा कळलं, तुम्ही सुरत सोडलीच नव्हती. दवाखान्यात काम केलंत आणि मधल्या तारखेला एकट्या कोर्टात जाऊन उभ्या राहिलात.

त्याच सुमारास तुम्ही मला आणि आईला तुमच्या देवळात घेऊन गेलात. तुमच्यात उपासनेत साक्ष देतात, हे मला तिथेच कळलं. एक जण उठला, मुलाचा ताप देवाने उतरवला म्हणून त्याने आभार मानले. एक बाई उठली, तिच्या नवऱ्याची दारू सुटली होती. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, माझी साक्ष अशी की अमुक कारखान्याच्या जाळीला बाहेरून कुलूप होतं, चार माणसं मेली, आणि हे त्यांच्यातल्या एकाचे भाऊ आणि आई. पाळकसाहेब मधेच म्हणाले, बाई, ही ती जागा नाही. तुम्ही बसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "मग साक्ष द्यायची जागा कुठली ते सांगा, मी तिथे जाते."

पेटीवाल्याने गाणं सुरू केलं आणि तुमचा आवाज त्यात बुडाला.

नंतर अंगणात पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही तो. म्हणाले, या मुलखात आम्ही मूठभर आहोत, दिवस बरे नाहीत, उद्या कुणी आमच्या दारावर दगड टाकला तर बाईंची साक्ष आम्हाला वाचवणार नाही. मी त्यांना भित्रा म्हटलं. मनात नाही, तोंडावर म्हटलं. तेव्हा मला तसं म्हणायचा हक्क आहे असं वाटत होतं.

साक्षीच्या तारखेआधी शेटचा माणूस शाळेत आला. त्याने धमकी दिली नाही. शिक्षकांच्या खोलीत बसून चहा प्यायला, मुलांच्या निकालाची चौकशी केली. जाताना म्हणाला, "गुरुजी, बेनना लगन क्यारे?" बहिणीचं लग्न कधी, एवढंच. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक ज्याच्याशी झाली होती तो शेटच्या मेहुण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मेलेल्यांपैकी दोन घरांनी खटल्यातून आधीच अंग काढून घेतलं होतं. मी त्या आठवड्यात तुमच्याकडे आलो नाही. तुम्ही निरोप पाठवलात, त्याला उत्तर दिलं नाही.

कोर्टात आधी तुमची साक्ष झाली. शेटच्या वकिलाने तुम्हाला विचारलं, तुम्हाला अहिराणी येते का? तुम्ही म्हणालात, नाही. मग मयत काय बोलला ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. त्यांच्या भावाने अर्थ सांगितला, त्यांना विचारा.

मला विचारलं. मी म्हणालो, भाऊ काही बोलला नाही. तो बोलायच्या स्थितीत नव्हता. पोलिसांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही.

तुमच्याकडे मी पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

बाहेर जिन्यावर तुम्ही आम्हाला गाठलंत. मी तयारीत होतो. तुम्ही मला चारचौघांत खोटारडा म्हणाल, थुंकाल, काहीतरी कराल, आणि मग मलाही ओरडता येईल की तुम्हाला बहीण नाही, तुम्हाला काय कळतं. तुम्ही फक्त म्हणालात, "आईंना सावलीत घ्या, गुरुजी. कधीच्या उन्हात उभ्या आहेत." आणि निघून गेलात.

याचा मला राग आहे, सिस्टर. तुम्ही मला एक शिवी द्यायला हवी होती. मी तिची चार वर्षं वाट पाहत होतो.

आईने घरी आल्यावर पोलकं बदललं, चूल पेटवली, मग म्हणाली, "ती परकी बाई तुना भाऊकरता हुभी राहिनी. तू बठी गया." त्यानंतर तिने या विषयावर माझ्याशी शब्द काढला नाही. बहिणीचं लग्न झालं. शेट पुराव्याअभावी सुटला.

सुकलालच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला तुम्ही आलात. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं, आईने बोलावलं होतं. स्वयंपाकघरात तुम्ही तिला पुऱ्या तळू लागायला बसलात, आणि मी पाणी घ्यायला आत आलो तेव्हा म्हणालात की तुम्ही मला क्षमा केली आहे. तेही असं, पुरी उलटताना, साखर संपली सांगावं तसं.

माझा तोल गेला. मी म्हटलं, कुणी मागितली होती तुमची क्षमा? तुम्ही म्हणालात, कुणी नाही. मी शेटसाठीही रोज सकाळी प्रार्थना करते, तुमच्यासाठीही करते. मी म्हटलं, मला त्या माणसाच्या शेजारी बसवू नका.

तुम्ही झारा ठेवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. "शेजारी मी नाही बसवलं, गुरुजी."

तेवढंच एक वाक्य तुम्ही मला लागेल असं बोललात. मी तुम्हाला घराबाहेर जायला सांगितलं. ताटं वाढायची होती, तुम्ही न जेवता गेलात. आई तुमच्यामागून रिक्षापर्यंत गेली आणि कितीतरी वेळ परत आली नाही.

आपलं भांडण तिथेच राहिलं. मला तुम्हाला अजून विचारायचंय की ज्याने कबूलच केलं नाही त्याला क्षमा करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. सुकलालने दिला का? त्या तिघांच्या बायकांनी? तुम्ही क्षमा करून मोकळ्या झालात आणि आम्ही तिच्याखाली दबलो, असं मी कितीतरी वेळा मनात तुम्हाला बोललो. मग तुमच्या मुलीकडून, रूथकडून कळायचं की मोकळ्या कसल्या, तुमचं सगळं चालूच आहे. तुम्ही शेटसाठी सकाळी प्रार्थना करत होता आणि दुपारी त्याच्याविरुद्ध अर्ज टाकत होता. दर गुरुवारी दवाखान्याच्या सुट्टीत दोन बायकांना घेऊन कारखान्यांच्या गल्ल्या फिरायचात आणि कुठल्या जाळीला बाहेरून कुलूप आहे ते वहीत लिहायचात. वॉचमन हाकलायचे. एकाने तुमच्या अंगावर रंगाचं पाणी ओतलं. तुम्ही त्याच साडीत फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात जाऊन बसलात आणि साहेबांनी पाहेपर्यंत उठला नाहीत. शेवटी काही कारखान्यांना नोटिसा निघाल्या. त्या गल्लीत आता पाच-सहा ठिकाणी पाळी चालू असताना जाळी उघडी असते. बाकीच्या ठिकाणी नसते.

हे कुणाला सांगून पटणार नाही, पण त्या उघड्या जाळ्या पाहून मला आनंद झाला नाही. मला वाटलं, ही बाई जिंकली तर माझं काय उरेल?

तुम्ही सरकारी दवाखान्यात आहात, मूत्रपिंडं गेलीत, हे रूथने शाळेत येऊन सांगितलं. मी आलो होतो, सिस्टर. दोनदा आलो. वॉर्डाच्या दारातून तुमचे पाय दिसत होते, सुजलेले. नळावर हात धुतले आणि तसाच परत गेलो. काय बोलणार होतो, हे आता लिहायचा मला हक्क नाही.

आता परवाचं सांगतो, कारण ते तुम्ही पाहिलं नाही.

उपासना अर्धी झाली असेल. दोन माणसं मोठं पुष्पचक्र घेऊन आली. पांढरी फुलं आणि सोनेरी पट्टी, पट्टीवर कारखान्याचं नाव. त्याच कारखान्याचं. तुमच्या देवळाच्या नव्या छताला शेटने पत्रे दिले होते, हे मला तेव्हा शेजारच्याकडून कळलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि त्या माणसांनी ते चक्र तुमच्या पेटीवर, बरोबर छातीच्या जागी, ठेवलं.

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. पुढे जाऊन पाळकसाहेबांना म्हटलं, हे काढा. ते हळू आवाजात म्हणाले, गुरुजी, आज नको. बाईंनी त्यांना क्षमा केली होती. रोज प्रार्थना करायच्या, साऱ्या मंडळीला ठाऊक आहे.

"क्षमा केली होती," मी म्हणालो. "अर्ज मागे घेतला नव्हता."

रूथ पहिल्या बाकावर होती. तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही. म्हणाली, "उचला, काका." मी ते चक्र उचललं. जड होतं. देवळाच्या पायरीवर चपलांच्या शेजारी नेऊन ठेवलं. परत वळलो तर दारात कुणी एक वडीलधारे गृहस्थ उभे. त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्यातले नाही. तुमचा बाईंशी संबंध काय?

संबंध सांगायचा म्हणजे सगळंच सांगणं भाग होतं. मी दारातच उभं राहून सांगितलं. माझा भाऊ बोलला होता. जाळीला कुलूप होतं, असं तो म्हणाला होता. त्याचा अर्थ मी यांना सांगितला आणि यांनी तो लिहून घेतला. कोर्टात मी खोटं बोललो, म्हणून ती चार माणसं पुन्हा एकदा मेली आणि ही बाई खोटी ठरली. आवाज मोठा झाला असावा, कारण बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावून पाहिलं.

कुणी मला बस म्हटलं नाही. कुणी पाठीवर हातही ठेवला नाही. बरं झालं.

कबरस्तानात माती टाकायच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत सुकलालचं नाव घेतलं, आणि इतर तिघांचंही. नावं त्यांना पाठ होती. इतकी वर्षं पाठ होती आणि घेतली नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं की आता घेऊन काय उपयोग. पण ते वाक्य मी कुणाला बोलणार होतो?

हेडमास्तर म्हणाले, गप्प राहा, खोटी साक्ष हा गुन्हा आहे, नोकरी जाईल. वकील म्हणाले, खटला संपला, शेटला आता काही होणं अवघड, झालं तर तुम्हालाच होईल. दोघांचंही बरोबर असेल. काल मी बसून सगळं लिहून काढलं, तारीख टाकली, सही केली. आईला वाचून दाखवलं. एक ओळ तिला कळली नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आते जेवी ले."

एक प्रत रूथला दिली. एक घेऊन आज सकाळी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने पहिल्याच ओळीत तुमचं नाव ओळखलं. सावकाश सगळा कागद वाचला, मागची बाजू पाहिली, शिक्का मारला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "आटला वरस क्यां हता, मास्तर?" इतकी वर्षं मी कुठे होतो, असं.

मी म्हणालो, "इथेच. सुरतमध्येच होतो."